पैसे आमचे, घर त्यांचे. मग अहवाल कोणाचा?

प्रश्न : आम्ही ठाण्यात भाड्याने राहतो. मार्चअखेरीस विक्रोळी पूर्वेला एका सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा रिसेलचा टू बीएचके फ्लॅट आम्हाला पसंत पडला. इमारतीचा ताबा १९९३ साली दिलेला आहे. टोकन देण्यापूर्वी माझ्या पतीने एका घर-तपासणी कंपनीकडून फ्लॅट तपासून घेतला. विक्रेत्यांनी त्याला खुशीने परवानगी दिली होती. एप्रिलमध्ये छायाचित्रांसह भलामोठा पीडीएफ अहवाल आला. मागच्या बाथरूमच्या छताचे प्लॅस्टर सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत, वरच्या फ्लॅटमधून ओल उतरते आहे आणि गिझरच्या पॉइंटला अर्थिंग नाही, असे त्यात लिहिले आहे. किंमत थोडी खाली यावी म्हणून पतीने तो अहवाल एजंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बोलणी फिसकटली आणि आम्ही माघार घेतली.

आता गणपती झाल्यावर हे प्रकरण पुन्हा उकरले गेले आहे. विक्रेते म्हणतात, "घर आमचे, फोटो आमच्या घराचे, रिपोर्ट आम्हाला द्या आणि तुमच्याकडचा डिलीट करा." एजंटने तो मध्यंतरी सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत पोहोचवला, आणि इमारतीची बदनामी केली म्हणून ते आमच्यावर चिडले आहेत. तो फ्लॅट पाहणाऱ्या एका नव्या ग्राहकाने आमचा नंबर मिळवून फोन केला; "अर्धे पैसे देतो, रिपोर्ट पाठवा," असे ते म्हणाले. कंपनीला विचारले तर "तो तुमच्यापुरताच आहे, कोणालाही देऊ नका," असे उत्तर मिळाले. पैसे आम्ही मोजले आहेत. मग अहवाल आमचा आहे की नाही? तपासणीचा खर्च विक्रेत्यांकडून मागता येईल का? आणि त्या घरात विक्रेत्यांच्या वयस्कर आई राहतात. सळ्यांचे माहीत असून आम्ही गप्प बसावे का?

— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण बाकीचे सगळे महिनाभर थांबले तरी चालतील, हा थांबणार नाही. उघड्या सळ्या आणि अर्थिंग नसलेला गिझर या दोन गोष्टी विक्रेत्यांना आजच्या आज लेखी कळवा. एजंटने त्यांना सांगितले असेल असे धरून चालू नका. सौदा मोडल्यावर असे निरोप बहुधा वाटेतच राहतात. सळई गंजली की फुगते, फुगलेली सळई भोवतालच्या काँक्रीटला तडा देते आणि मग त्याचे ढलपे सुटून खाली पडतात. हे नेमके कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही, आणि त्या वेळी बाथरूममध्ये कोण असेल तेही नाही. गिझरचे तर आणखी सरळ आहे. आतली कॉइल फुटली किंवा वायरिंगचे आवरण गेले, तर अर्थिंग नसलेल्या गिझरमधला वीजप्रवाह पाण्याच्या आणि ओल्या अंगाच्या वाटेने जमिनीकडे जातो.

हे कळवायला अहवाल पाठवावा लागत नाही. "एप्रिलमध्ये आम्ही करवून घेतलेल्या तपासणीत मागच्या बाथरूमच्या छताच्या सळ्या उघड्या दिसल्या आणि गिझरच्या पॉइंटला अर्थिंग आढळले नाही. कृपया नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन यांच्याकडून लवकर पाहून घ्यावे, आणि तोवर ते बाथरूम व गिझर वापरू नये," एवढा संदेश पुरेसा आहे. कंपनीने घातलेली अट अहवालाची प्रत देण्याबाबत आहे. माणसाच्या जिवाला असलेला धोका त्याच्या कानावर घालण्यापासून ती तुम्हाला अडवत नाही, आणि कोणी तसा अर्थ काढलाच, तरी तो मान्य करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घर-तपासणीचा हा व्यवसाय अमेरिकेत फार पूर्वीपासून रुळलेला आहे. तिथली 'अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स' ही तपासनिसांची संस्था १९७६ साली स्थापन झाली. तिच्या आचारसंहितेत ग्राहकाच्या संमतीशिवाय तपासणीचे निष्कर्ष कोणाला सांगू नयेत असा नियम आहे, पण तिथेही तत्काळ धोका दिसला तर तपासनीस आपल्या विवेकानुसार तो त्या घरात राहणाऱ्यांना सांगू शकतो, अशी मोकळीक ठेवलेली आहे. गुप्ततेचा नियम पाळणाऱ्या तपासनिसालाही जे मोकळेपण आहे, ते तुम्हाला नक्कीच आहे.

आता अहवालाकडे वळू. पत्रासोबत तुम्ही त्याची तीन पाने पाठवली आहेत. स्वतःसाठी सल्ला घेताना सल्लागाराला कागद दाखवणे हा अहवालाचा रास्त वापर आहे, त्यामुळे त्यात काही गैर झाले असे मी मानत नाही. मात्र ती पाने इथे छापणार नाही, आणि त्याचे कारण त्यातल्याच एका छायाचित्रात आहे. बाथरूमच्या छताचा कोपरा, वरच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपचा (बाथरूममधले सांडपाणी वाहून नेणारा) पाइप, त्याशेजारी तपकिरी गंजाच्या दोन रेघा आणि प्लॅस्टरच्या कडेला टेकवलेला ओल मोजण्याचा मीटर, इतके सगळे नीट टिपले आहे. पण त्याच चौकटीत खाली फळीवर औषधांच्या पट्ट्या आणि रुग्णालयाची एक फाइल आहे, आणि छायाचित्र मोठे केले की फाइलीवरचे नाव वाचता येते. हे छायाचित्र आतापर्यंत तुमच्याकडून एजंटकडे आणि एजंटकडून सेक्रेटरींकडे गेले आहे. विक्रेत्यांच्या रागात तथ्य आहे, ते इथे.

"अहवाल आमचा आहे की नाही" या तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत, आणि ते सुटे केल्याशिवाय कोणाचेच भांडण मिटणार नाही. तुमच्या हातातली प्रत कोणाची, तिची नक्कल करून दुसऱ्याला देण्याचा हक्क कोणाचा, आणि तिच्यावर विसंबून निर्णय घेण्याचा हक्क कोणाचा, असे ते तीन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर एका ओळीत देता येते. प्रत तुमची आहे, ती तुम्ही हवी तितकी वर्षे जपून ठेवू शकता, आणि ती डिलीट करा असा हुकूम सोडण्याचा अधिकार विक्रेत्यांना नाही. उद्या तुमचा आणि कंपनीचा किंवा तुमचा आणि विक्रेत्यांचा वाद झाला, तर तोच तुमचा पुरावा आहे.

दुसऱ्या प्रश्नात कॉपीराइट येतो. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार लेखनाचा पहिला मालक ते लिहिणारा असतो, आणि तो पगारी नोकर असेल तर, वेगळा करार नसल्यास, त्याचा मालक. तुम्ही कंपनीला काम दिले, पण कंपनी तुमची नोकर झाली नाही. म्हणून तुम्ही पैसे दिले तरी अहवालातल्या मजकुराचा कॉपीराइट कंपनीकडेच राहतो, आणि तो तुमच्याकडे यायचा असेल तर तसे लेखी हस्तांतर लागते. छायाचित्रांची गोष्ट थोडी निराळी आहे. मोबदला देऊन आपल्या सांगण्यावरून काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो असे त्याच कलमात म्हटले आहे. कंपनी यावर असे म्हणू शकेल की तुम्ही तपासणी मागितली होती, छायाचित्रे मागितली नव्हती. पण तुमचीही बाजू लंगडी नाही. काहीही असले, तरी विक्रेत्यांच्या घराचे छायाचित्र आहे म्हणून त्याचा कॉपीराइट विक्रेत्यांचा होत नाही. त्यांचा हक्क वेगळ्या पायावर उभा आहे. त्यांनी तुम्हाला घरात येऊ दिले ते घर तपासण्यासाठी, चार लोकांना ते दाखवण्यासाठी नव्हे.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच मालकीची नसते, ती म्हणजे वस्तुस्थिती. छताला ओल आहे, अर्थिंग नाही, खिडकीची चौकट कुजली आहे, ही माहिती तुम्ही आपल्या शब्दांत कोणालाही सांगू शकता; कॉपीराइट कंपनीने केलेल्या मांडणीला आणि शब्दांना मिळतो, ओलीला नव्हे. तसेच छापील प्रत समोर ठेवून कोणाला वाचू देणे ही नक्कल नाही, पीडीएफ पुढे पाठवणे ही आहे. व्यवहारात हा फरक फार उपयोगी पडतो.

कॉपीराइटपेक्षा तुम्हाला बांधणारी खरी गोष्ट कंपनीशी झालेला करार आहे. तुम्ही पाठवलेल्या शेवटच्या पानावर "हा अहवाल केवळ ग्राहकाच्या वापरासाठी आहे, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय त्याची प्रत अन्य कोणास देऊ नये, अन्य कोणी त्यावर विसंबल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही," अशा अर्थाची अट बारीक अक्षरात आहे. ती पैसे भरण्यापूर्वी तुमच्यासमोर आली होती का, हे तपासा. बुकिंगच्या ई-मेलमध्ये किंवा फॉर्ममध्ये ती असेल आणि ती मान्य करून तुम्ही पैसे भरले असतील, तर ती तुम्हाला लागू आहे. ती प्रथमच अहवालाच्या शेवटच्या पानावर उगवली असेल, तर काम पूर्ण झाल्यावर घातलेली अट करारात कशी आली, असे तुम्ही खुशाल विचारू शकता. पतीने एजंटला अहवाल पाठवला त्याने अट मोडली असली, तरी कंपनीचे त्यात मोजता येईल असे नुकसान काय झाले हे तिला दाखवावे लागेल, आणि ते अवघड आहे. म्हणून त्या एका संदेशाची भीती बाळगू नका. पुढचा संदेश मात्र पाठवू नका.

नव्या ग्राहकाचा फोन हा या सगळ्यातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि तोच सर्वांत निरुपद्रवी दिसतो. तुमचे अर्धे पैसे सुटतात, त्यांचे अर्धे वाचतात, कागद तयारच आहे, मग बिघडले कुठे? तर बिघडते तिसऱ्या प्रश्नापाशी. कराराबाहेरच्या माणसाला सहसा त्या कराराच्या आधारे दावा सांगता येत नाही. कंपनीने तपासणीत काही मोठे पाहायचे सोडले असेल, तर तुमचे पती ग्राहक म्हणून सेवेतील त्रुटीची तक्रार करू शकतात, आणि तुम्हीही करू शकता, कारण ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ज्याने सेवा घेतली त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणाराही ग्राहक मानला आहे. नवा ग्राहक हाच धागा पकडून "मीही लाभार्थी आहे," असे म्हणेल. कंपनी शेवटच्या पानाकडे बोट दाखवेल आणि सांगेल की ही सेवा त्यांच्यासाठी कधी नव्हतीच. त्या वादात माझा कौल कंपनीच्या बाजूने पडण्याकडे आहे.

आता दुसरी बाजू पाहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार स्थावर मालमत्ता विकणाऱ्याने त्याला माहीत असलेला, खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साधी काळजी घेऊनही खरेदीदाराला कळण्याजोगा नसलेला महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे, आणि न सांगणे ही कायद्याच्या नजरेत फसवणूक आहे. नव्या ग्राहकाने तुमचा अहवाल वाचला की त्यातला प्रत्येक दोष त्यांना "माहीत असलेला" होतो. पुढे त्या छतावरून वाद झाला, तर विक्रेते म्हणतील, "यांच्याकडे तर आधीपासून अहवाल होता." म्हणजे उसना अहवाल घेणाऱ्याची विक्रेत्याविरुद्धची बाजू कमजोर होते आणि तपासनिसाविरुद्धची बाजू मुळात तयारच होत नाही. अर्ध्या पैशात त्यांना हेच मिळणार आहे, आणि हे त्यांना सांगणे तुमच्या हातात आहे.

तुम्ही अर्धे पैसे घेतलेत तर तुमचीही स्थिती बिघडते. फुकट सांगितलेली माहिती ही शेजारधर्माची गोष्ट झाली. पैसे घेऊन दिलेल्या कागदाच्या बाबतीत देणाऱ्याला प्रश्न विचारला जातो. तो चुकीचा निघाला, किंवा तुम्ही त्यातली काही पाने गाळली असे पुढे निघाले, तर ते गृहस्थ कंपनीआधी तुमच्या दारात उभे राहतील. म्हणून पैसे घेऊ नका आणि पीडीएफही देऊ नका. त्यांना कंपनीचे नाव सांगा आणि कंपनीला एक ओळ लिहून द्या, की आमच्या अहवालाच्या आधारे या व्यक्तीसाठी नव्याने तपासणी करून त्यांच्या नावे अहवाल देण्यास आमची हरकत नाही. ही ओळ लागते, कारण गुप्तता दोन्ही बाजूंनी असते. तुमच्या संमतीशिवाय कंपनीने तुमचा अहवाल दुसऱ्याला विकणेही तितकेच गैर आहे. कंपनीजवळ जुन्या नोंदी असल्याने पुन्हा भेट देण्याचे शुल्क कमी करून मागता येते, आणि मग ते ग्राहक स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या कराराने, विसंबू शकतात.

शिवाय तो अहवाल एप्रिलचा आहे, आणि मुंबईत एप्रिलच्या भिंतीला काही विचारून फारसा उपयोग नसतो. वरच्या बाथरूममधून उतरणारी ओल बारा महिने दिसते, म्हणून ती सापडली. बाहेरच्या भिंतीतून, खिडकीच्या छज्ज्याच्या सांध्यातून किंवा डक्टमधल्या तडकलेल्या पाइपमधून येणारे पावसाचे पाणी जूनपासून आपली करामत दाखवते आणि उन्हाळ्यात त्याचा मागमूस म्हणजे फार तर रंगाखालचे पोपडे आणि पांढरा खार. त्यावर रंगाचा एक हात मारला की तोही जातो. अशी तपासणी डोळ्यांनी पाहून, टाइल्स ठोकून पोकळ आवाज ऐकून आणि मीटर टेकवून केली जाते. भिंत फोडून कोणी पाहत नाही. त्यामुळे अहवाल खरा असतो तो त्या दिवसापुरता आणि जिथवर नजर पोहोचली तिथवरचा. पावसाळा उलटून गेल्यावर तोच कागद आधाराला घेणे नव्या ग्राहकाच्या हिताचे नाही, मग कंपनीने कितीही संमती दिली तरी.

विक्रेत्यांना काय द्यावे? मी तुमच्या जागी असते तर धोक्याचा संदेश पाठवून झाल्यावर कंपनीला ई-मेल करून, अहवालाची प्रत विक्रेत्यांना द्यायला लेखी संमती मागितली असती. तपासणी त्यांच्या घराची आहे, परवानगी त्यांनी दिली होती आणि दुरुस्ती त्यांनाच करायची आहे, तेव्हा समंजस कंपनी नाही म्हणणार नाही. ती नाहीच म्हणाली, तर निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहून द्या. पण अहवाल हाती आल्यावर विक्रेत्यांवर एक जबाबदारी येते, याची कल्पना त्यांना असू द्या. आजवर "आम्हाला कुठे काय माहीत होते," असे म्हणायला जागा होती. लेखी माहिती मिळाल्यानंतर पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला ते दोष सांगणे किंवा दुरुस्त करणे, असे दोनच मार्ग त्यांच्यापुढे राहतात. म्हणूनच काही विक्रेते अहवाल डोळ्यांसमोरही नको म्हणतात. तुमच्या विक्रेत्यांनी तो मागितला, हे मला त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते, जरी मागण्याची भाषा करडी असली तरी.

त्यांची दुसरी मागणी, म्हणजे डिलीट करण्याची, तुम्ही अर्धी मान्य करू शकता. तुमची मूळ प्रत ठेवा, पण ती कोणालाही देणार नाही असे लिहून द्या, आणि घरातल्या माणसांची, औषधांची, देवघराची किंवा कपाटाची छायाचित्रे असलेली पाने झाकून नवी प्रत देण्याची विनंती कंपनीला करा. एजंटला मात्र स्पष्ट लेखी संदेश पाठवा, की अहवाल किंमतीच्या बोलणीपुरता दिला होता, तो पुढे देण्याची परवानगी नव्हती, त्याने आपल्याकडची प्रत काढून टाकावी आणि ज्यांना ज्यांना दिली त्यांची नावे कळवावीत. एजंटला अहवाल द्यायलाच नको होता, असे मी पतीला दोष देण्यासाठी म्हणत नाही. मुंबईतल्या प्रत्येक रिसेल व्यवहारात कागद एजंटच्याच फोनमधून फिरतात. पण किंमत पाडून घेण्यासाठी संपूर्ण अहवाल लागत नाही. दुरुस्तीच्या अंदाजाचे एक पान पुरते.

सेक्रेटरींच्या रागाचे दोन भाग करा. बदनामीचा आरोप फारसा टिकणारा नाही. खरेदीच्या बोलणीत, संबंधित माणसाला, तपासणीत आढळलेली गोष्ट सद्भावनेने सांगणे ही बदनामी होत नाही. हाच अहवाल तुम्ही परिसराच्या मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "या बिल्डिंगमध्ये घर घेऊ नका," अशा शेऱ्यासह टाकला असता, तर गोष्ट वेगळी होती. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीच्या गुन्ह्याला सत्याचा अपवाद आहे खरा, पण ते सत्य सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते, आणि एका फ्लॅटमधल्या एका बाथरूमवरून साऱ्या इमारतीबद्दल काढलेला निष्कर्ष सत्यही नसतो.

दुसरा भाग असा की सेक्रेटरींना हा अहवाल इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे संपूर्ण बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, वाटला असावा, आणि तो तसा नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३५३ ब नुसार तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे बंधनकारक आहे. १९९३ मध्ये ताबा दिलेली ही इमारत त्या कक्षेत आलेली आहे. तो ऑडिट सोसायटी करवते, त्याचा खर्च सोसायटी करते आणि त्याचा उपयोग सर्व सभासदांसाठी व महापालिकेसाठी असतो; घर-तपासणी एका खरेदीदाराच्या निर्णयासाठी असते, आणि ती करणाऱ्याला आपल्याकडे त्यासाठीचा वेगळा सरकारी परवाना लागत नाही. म्हणून तुमच्या अहवालाच्या जोरावर कोणी इमारत धोकादायक ठरवू शकत नाही, तसेच त्यात बाकीच्या फ्लॅटबद्दल काही नाही म्हणून इमारत ठणठणीत आहे, असेही सेक्रेटरींना म्हणता येणार नाही. यापुढे जुन्या इमारतीत घर पाहाल, तेव्हा विक्रेत्यांना सभासद या नात्याने सोसायटीकडून ऑडिटची प्रत मागून घ्यायला सांगा. ती मिळायला वेळ लागला, तर त्यातूनही बरेच कळते.

सोसायटीला तुमच्या विक्रेत्यांनी जे सांगायला हवे, ते वेगळेच आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येणारी गळती असेल तर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे त्या सभासदाची, आणि बाहेरच्या सामाईक पाइपमधून किंवा पावसाच्या पाण्याने होत असेल तर सोसायटीची, अशी विभागणी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (बायलॉजमध्ये) आहे. हा निवाडा होण्यासाठी विक्रेत्यांना सोसायटीकडे अर्ज करावा लागेल आणि त्यासोबत गळतीचे एक पान जोडावे लागेल. त्या एका पानाला कंपनीने संमती द्यावी म्हणून तुम्ही शब्द टाकलात, तर त्या आजींच्या डोक्यावरचे छत लवकर नीट होईल.

हे सगळे जुन्या घरांबद्दल झाले. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्यांच्या बाबतीत हिशेब उलटा असतो. तिथे अहवाल लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही, कारण रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, आणि दाखवून देण्यासाठीच तर अहवाल असतो. प्रकरण महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, गेले आणि अहवाल पुरावा म्हणून जोडला, तर न्यायिक कामकाजासाठी केलेली नक्कल हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही, अशी तरतूदही कॉपीराइट कायद्यात आहे.

पुढच्या घरासाठी तपासणी करवून घेताना पैसे भरण्यापूर्वी कंपनीला दोन वाक्ये लिहून मागा. अहवाल पती-पत्नी दोघांच्या नावे असेल आणि तो आम्ही आमचे वकील, बँक, कंत्राटदार व विक्रेते यांना आमच्या कामापुरता दाखवू शकू, हे पहिले. आमच्या लेखी संमतीशिवाय कंपनी तो कोणाला देणार नाही, तसेच त्यातली छायाचित्रे जाहिरातीसाठी किंवा 'नमुना अहवाल' म्हणून वापरणार नाही, हे दुसरे. ज्या कंपनीला ही वाक्ये लिहून द्यायला जड जाते, तिच्याऐवजी दुसरी शोधा. बँकेचा मूल्यांकन अहवाल मात्र यात धरू नका. त्याचे शुल्क तुमच्याकडून घेतले तरी तो बँकेने आपल्या कर्जाच्या सुरक्षेसाठी मागवलेला असतो, आणि त्यात घराची किंमत पाहिलेली असते, नहाणीची गळती नव्हे.

तपासणीचा खर्च विक्रेत्यांकडून मागता येईल का, तर येणार नाही. तसे आधी ठरले नव्हते, आणि तुम्ही तो खर्च स्वतःच्या निर्णयासाठी केला. तो निर्णय तुम्हाला अहवालाने करून दिला. विक्रेत्यांनी प्रत घेतल्यावर आपणहून काही देऊ केले, तर तेही घेऊ नका, नाहीतर पुढच्या खरेदीदाराला ते सांगतील की हा अहवाल आम्ही विकत घेतला आहे.